हंबीरराव हयात आहेत

मी आजवर मुद्दाम मुंगीसुद्धा मारलेली नाही, पण हंबीररावांना मारलं. पत्रातून मारलं. ते चांगले तीन महिने मेलेले होते आणि त्या तीन महिन्यांत रोज सकाळी बैल घेऊन माझ्या दुकानापुढून जात होते. जाता जाता 'काय पीरभाई, बरं हाय न्हवं?' असं विचारतही होते. मी 'बरं हाय' म्हणत होतो. दोघांनाही कशाचा पत्ता नव्हता.

माझं नाव पीरमहंमद. रहिमतपूर स्टेशनापासून दोन कोसांवर आमचं गाव, तिथं आमचं बांगड्यांचं दुकान. लहानपणी मी चार वर्षं मिरजेला मामांकडे राहून उर्दू शिकलो. गावात दुसऱ्या कुणाला उर्दू येत नव्हतं, त्यामुळं माझ्या उर्दूत कुणी कधी चूक काढली नाही. त्याचा मला गर्व होता, हे आधीच सांगून टाकतो.

हंबीरराव आमच्या शेजारचे. त्यांचे वडील गेले तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते आणि धाकटा नाथाजी पाच. हंबीररावांनी शाळा सोडली आणि नांगर धरला. घरात आजोबा होते, त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. आई अंबूबाई होत्या. पण नाथाजीला वाढवलं ते दादांनी, म्हणजे हंबीररावांनीच. पुढं नाथाजी पलटणीत भरती झाला. आमच्याकडं घरटी एक माणूस पलटणीत असतो, त्यामुळं त्याचं कुणाला नवल वाटलं नाही.

नवल वाटलं ते लग्नाच्या वेळी. हंबीररावांनी कराडकडच्या एका घरी नाथाजीसाठी शब्द दिला होता. सुपारी फुटली होती. नाथाजी रजेवर आला आणि म्हणाला, मला तासगावकडची एक मुलगी पसंत आहे, करीन तर तिच्याशी. आबांनी नातवाची बाजू घेतली आणि लग्न झालं. हंबीररावांनी मांडवात अक्षता टाकल्या, पंगतीत वाढलं, पाहुण्यांना स्टेशनापर्यंत पोचवलं, आणि त्या दिवसापासून नाथाजीशी बोलणं बंद केलं. घरच्या धाकट्या सुनेला, म्हणजे राहीबाईला, त्यांनी कधी वाकडा शब्द बोलला नाही. दिवाळीला साळूबाईला, आपल्या बायकोला, जे लुगडं आणायचे तसंच राहीलाही आणायचे. भावाशी मात्र अबोला. नाथाजी नंतर दोनदा रजेवर आला. दोघे भाऊ एका पंगतीला जेवायला बसायचे आणि हंबीरराव म्हणायचे, "आये, त्याला इचार, आमटी पायजेल का." नाथाजी हातभर अंतरावर बसलेला असायचा. मला तर दोघांची टाळकी एकमेकांवर आपटावीशी वाटायची.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई झाली. जानेवारीत तार आली, नाथाजी बेपत्ता. त्याच आठवड्यात राहीबाई आमच्या दुकानात आली. बायाबायांत कुजबुज सुरू झाली होती की हिनं आता हिरव्या बांगड्या भराव्यात का. माझी आई खातूनबी गादीवर बसली होती. तिनं कुणाचं ऐकून घेतलं नाही. राहीचा हात ओढून घेतला आणि कोपराच्या दिशेनं जितक्या मावतील तितक्या हिरव्या बांगड्या भरल्या.

फेब्रुवारीत कार्ड आलं. रेडक्रॉसचं छापील कार्ड, मी खुशाल आहे, युद्धकैदी आहे, एवढंच इंग्रजीत, आणि खाली मराठीत नाथाजीची सही. पलीकडच्या पंजाबातल्या कुठल्याशा छावणीत त्याला ठेवला होता. त्या दिवशी अंबूबाईंनी गावभर साखर वाटली.

मराठीत दोन पत्रं धाडली, ती पोचली नाहीत. हंबीरराव साताऱ्याला जाऊन लालासाहेब सुभेदारांना भेटून आले. हे सुभेदार पेन्शनीत निघालेले, पण पलटणीच्या घरांची कामं हौसेनं करायचे. ते म्हणाले, "तितं मराठी वाचनारा कोन बसलाय? वाचता आलं न्हाई की पत्र बाजूला पडतंय. उर्दूत लिवा. तुमच्या गावात कोन मुसलमान हाय का शिकलेला?"

अशी माझी नेमणूक झाली.

दर पंधरा दिवसांनी रविवारी मी त्यांच्या सोप्यात बसायचो. नाथाजीला उर्दू येत नव्हतं, पण छावणीत जम्मूकडचा एक हवालदार होता, तो त्याला पत्र वाचून दाखवायचा आणि त्याचं उत्तर उर्दूत लिहून द्यायचा. म्हणजे राहीबाईचं बोलणं अंबूबाईंच्या तोंडून माझ्याकडं यायचं, कारण थोरल्या दिरासमोर ती दाराआडून बाहेर येत नसे. माझ्याकडून ते उर्दूत जायचं, हवालदाराकडून हिंदीत, आणि मग नाथाजीच्या कानाला लागायचं. एवढा वळसा घालून 'म्हैस व्यायली' एवढंच पोचायचं, पण ते पोचायचं.

पत्राच्या शेवटी आशीर्वाद असायचे. अंबूबाई बोटांवर मोजत सांगायच्या, "आबांचा आशीर्वाद लिव. माझा लिव. साळूचा लिव." मग त्या थोरल्या लेकाकडं बघायच्या. हंबीरराव कासरा वळत नाहीतर विळ्याला धार लावत बसलेले असायचे. मान वर न करता म्हणायचे, "माझं काय न्हाई."

एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "हंबीरराव, पोरगं परमुलखात कोंडून पडलंय. मी आपला लिहून टाकतो दोन शब्द."

"खोटं लिवू नगा पीरभाई," ते म्हणाले. "माझ्या नावानं खोटं गेलेलं मला चालायचं न्हाई."

हे खरं होतं. हंबीरराव खोटं बोलत नसत. बाजारात बैल विकतानासुद्धा त्याचे दोष आधी सांगायचे. अशा माणसाशी भांडता येत नाही, म्हणून मी गप्प बसलो. आणि नाथाजीला प्रत्येक पत्रात सगळ्यांचे आशीर्वाद गेले, दादांचा सोडून.

वैशाखात आबा गेले. पंच्याऐंशीचं वय, दोन दिवस ताप आला, हंबीरराव उशाशी बसून होते आणि पहाटे आबा गेले. तेरावा झाल्यावर पत्राचा रविवार आला तेव्हा प्रश्न पडला की नाथाजीला कळवायचं का. राहीबाईचं म्हणणं, नको, तिथं त्याला धीर द्यायला कोण आहे? अंबूबाई म्हणाल्या, "मग आशीर्वादात आबांचं नाव घालायचं व्हय? ते न्हाई माझ्याच्यानं व्हनार." शेवटी ठरलं की कळवायचं, थोडक्यात.

आता माझी हुशारी ऐका. मी 'आबा' लिहायला कलम उचललं आणि थांबलो. उर्दूत 'आबा' लिहिलं तर वाचणारा सहज 'अब्बा' वाचेल, म्हणजे बाप. नाथाजीचा बाप तर वीस वर्षांपूर्वी गेला. पोराचा घोटाळा होईल. म्हणून मी चोख, मिरजेच्या मास्तरांनी पाठ थोपटली असती असं उर्दू लिहिलं. आजोबांना उर्दूत काय म्हणतात? दादा. मी लिहिलं, 'अफसोस, आप के दादा गुजर गए. दो रोज बुखार रहा. सब्र करना.'

आणि खाली आशीर्वाद. आईचा, वहिनीचा. दादांचा नव्हता, नेहमीप्रमाणे.

उत्तर आलं ते आषाढात, नेमकं बेंदराच्या दिवशी. हंबीरराव अंगणात बैलांची शिंगं रंगवत होते. त्या साली पाऊस रुसला होता, तरी बेंदूर चुकवून चालत नाही. एका शिंगाला रंग लावून झाला होता. अंबूबाई उंबऱ्यावर, साळूबाई पुरणाचं पातेलं उतरवून पदरानं घाम पुसत उभ्या, राहीबाई दाराआड. मी कार्ड उघडलं आणि वाचत वाचत मराठी करून सांगायला लागलो.

'दादा गेले हे हवालदारानं वाचून दाखवलं. दोन दिवस मी कुणाशी बोललो नाही.'

मी थांबलो. मला त्याच क्षणी सगळं कळलं.

"वाचा की," हंबीरराव म्हणाले. त्यांचा ब्रश हवेतच होता.

"हंबीरराव, जरा घोटाळा..."

"वाचा म्हंतो न्हवं."

वाचलं. त्यांच्याच अंगणात, त्यांच्या तोंडावर, त्यांच्या मरणाचं पत्र मी वाचलं.

'इथं नदी नाही, म्हणून नळाखाली अंघोळ केली. दहाव्या दिवशी न्हाव्याकडून मिशी उतरवली. इथल्या लोकांनी विचारलं तर म्हटलं, माझा बाप गेला. वहिनीला सांगा, मी सुटून आलो की तिच्या लेकरांना काही कमी पडू देणार नाही. वडील गेल्यावर दादांनी स्वतःची शाळा सोडली आणि मला शाळेत घातलं. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की मला खांद्यावर बसवून पलीकडं सोडायचे आणि संध्याकाळी न्यायला यायचे. हे मी त्यांच्याजवळ कधी बोललो नाही. मी त्यांचा शब्द मोडला. आलो की आधी त्यांचे पाय धरायचे असं मनात होतं. दादा माझ्याशी न बोलताच गेले.'

साळूबाईंनीच तोंड उघडलं, "आन मग समूर ह्ये कोन बसल्यात म्हनायचं? चांगलं सनासुदीचं, माझ्या कुकवाला काय झालंय म्हनं?"

मी काय झालं ते सांगितलं. आबा, अब्बा, दादा, सगळं.

"अब्बा लिवलं आसतं तर काय झालं आसतं?" हंबीररावांनी विचारलं.

"काही नाही. वडील तर कधीच गेलेत. त्याला कळलं असतं की आबांबद्दलच आहे."

"म्हंजे तुमी शिकला नसता तर मी जित्ता ऱ्हायलो असतो."

मला वाटलं आता ते रंगाचं डबडं माझ्या डोक्यावर ओततील. त्यांनी तसं केलं नाही. ते उठले आणि गोठ्यात गेले. संध्याकाळी गावातून मिरवणूक निघाली तेव्हा त्यांच्या बैलाचं एक शिंग लाल आणि एक कोरं होतं. पोरंसोरं हसली. हंबीररावांचं तिकडं लक्षच नव्हतं.

घरी आईला सांगितलं तर तिनं कपाळावर हात मारला. "अरे पीरू, इनके में दादा बोले तो बडा भाई होता रे! इत्ते सालां इनमें रहा, इत्ता नै समझा?" समजत होतं. सगळं समजत होतं. कलम हातात आलं की माणसाला समजायचं बंद होतं.

रात्रभर मला एकच गोष्ट टोचत होती. नाथाजीचा ह्या चुकीवर इतका विश्वास का बसला? कारण त्यानंतरच्या पत्रातही दादांचा आशीर्वाद नव्हता. न बोलणारा भाऊ आणि मेलेला भाऊ, इतक्या लांबून दोन्ही सारखेच दिसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी हंबीरराव दुकानात आले. बायकांची गर्दी होती तरी आत येऊन बसले. रेडक्रॉसचा कोरा फॉर्म त्यांनी माझ्यापुढं टाकला.

"लिवा. माझ्या तोंडचं, जसंच्या तसं. तुमचं उर्दू घालू नगा."

"पण तिथं मराठी वाचणारं..."

"अक्षर तुमचं, बोलनं माझं. त्या हवालदाराला कळलं न्हाई तरी चालंल. नाथ्याला ऐकू आलं म्हंजे झालं."

मला क्षणभर त्यांचं म्हणणं उमगलं नाही, आणि उमगलं तेव्हा मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. मराठी, पण उर्दू अक्षरांत. वाचणाऱ्याला एक शब्द समजणार नाही, पण तो मोठ्यानं वाचेल आणि नाथाजीला दादा ऐकू येतील. मिरजेत चार वर्षं काढून हे मला सुचलं नव्हतं.

त्यांनी सांगायला सुरुवात केली.

"नाथा, मी मेलो न्हाई. मी हंबीरराव बोलतुया. तुझ्यासंगं बोलत न्हवतो म्हंजे मेलो न्हवतो. ह्या पीरभाईनं आपली अक्कल पाजळली आन मला मारलं."

"थांबा," मी म्हटलं. "उर्दूत ळ नाही. पाजळलीचं पाजलली होईल."

"ळ न्हाई? मग ती मानसं काळा रंग दावायचा तर काय करत्यात?" त्यांनी खरोखरच विचार केला. "हुंद्या पाजलली. फुडं लिवा. मिशी उतरवलीस गाढवा, ती वाढव. मला इचारल्याबिगर मिशीला हात लावायचा न्हाई. वड्याचं तुझ्या ध्यानात हाय, मला वाटलं इसरलास. त्या वड्यात एकदा माझ्या डोसक्यावर मुतला हुतास, ते बी ध्यानात ठिव."

दुकानातल्या बायका बांगड्या सोडून ऐकत होत्या. हंबीररावांना त्याची लाज वाटत नव्हती. मग ते थांबले.

"लिवा," ते हळू आवाजात म्हणाले. "शब्द मोडलास, ती गोष्ट झाली. राही चांगली पोरगी हाय. घरला ये. माझा आशीर्वाद."

मी लिहिलं. खाली सवयीप्रमाणं 'घरी समदी खुशाल हाईत' ही ओळ माझ्या हातानं घातली. तिच्याशिवाय पत्र पुरं झाल्यासारखं वाटत नाही. आणि सगळ्यात वर, पत्र तपासणाऱ्या साहेबासाठी खऱ्या उर्दूत चार शब्द लिहिले: 'जनाब, खालचा मजकूर एका शेतकऱ्याच्या बोलीत आहे. ह्यात गुपित काही नाही. चुकीनं मेलेला थोरला भाऊ धाकट्याला आपण जिवंत असल्याचं कळवतो आहे. मेहरबानी करून जाऊ द्यावं.' त्या न पाहिलेल्या माणसाला एवढी विनवणी करताना मला काही कमीपणा वाटला नाही.

मग काहीच आलं नाही. श्रावण गेला, भाद्रपद गेला. आम्ही आणखी तीन पत्रं धाडली, त्यांचीही पोच नाही. विहिरी आटल्या, उसाचे शेंडे वाळले, लोक खडी फोडायच्या कामावर जायला लागले. हंबीरराव रोज पोस्टमनच्या वाटेवर उभे राहायचे. साळूबाई म्हणाल्या, ह्यांचं जेवणावरचं मन उडालंय. त्यांना एकच घोर होता. पोरगं तिथं आपल्या नावानं रडत बसलंय आणि आपण इथं भाकरी खातोय.

डिसेंबरात रेडिओवर सांगितलं, कैदी सुटले. दहा-बारा दिवसांनी नाथाजीची तार आली, अमुक दिवशी पुण्याहून गाडीनं निघतो. गावात आनंदीआनंद. तार वाचून मी वर बघितलं तर हंबीररावांचा चेहरा उतरलेला.

"पीरभाई, त्याला पत्र मिळालं नसलं तर?"

"तर काय, तुम्हाला बघून खूश होईल."

"खूश कसला? मेलेला मानूस टेसनावर उभा! दचकून खाली पडंल ते. आधीच वाळून गेलं आसंल." ते माझा हात धरून म्हणाले, "तुमी कोरेगावाला जावा. तितं गाडीत चढा. रहिमतपूर येईस्तवर त्याला सांगा, मी हाय म्हनून. तुमीच मारलंय, तुमीच उठवा."

न्यायाचं होतं. मी एस.टी.नं कोरेगावला गेलो. गाडी आली, डबे धुंडाळत शेवटच्या आधीच्या डब्यात नाथाजी सापडला. गालफडं बसलेली, केस बारीक कापलेले, पण ओठावर मिशी होती. चांगली जाड. मला बघून तो उठला आणि त्यानं मला मिठी मारली.

माझ्याजवळ एका स्टेशनाचा वेळ होता. मी घसा साफ केला. "नाथाजी, एक गोष्ट सांगायची आहे. घाबरू नकोस. मी एक चूक केली होती..."

तो हसायलाच लागला. हसता हसता त्यानं मान ताठ केली आणि कुणातरी जम्मूकडच्या माणसाच्या हेलात सुरुवात केली, "नाता, मी मेलो नाइ. मी हंबिरराव बोलतुया. ह्या पिरभाइनं आपली अक्कल पाजलली..."

अख्खं पत्र त्याला पाठ होतं. त्याला एकट्यालाच नाही. हवालदारानं पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्याला काही कळेना, म्हणून तो मोठ्यानं, शब्द तोडत तोडत वाचत गेला. नाथाजी खाली बसला आणि ढसाढसा रडायला लागला. हवालदार घाबरला, त्याला वाटलं आणखी कुणी गेलं. मग नाथाजीनं त्याला पुन्हा वाचायला लावलं. चार वेळा. पुढं बराकीतल्या तीस माणसांना ते येऊ लागलं. डोग्रा, गढवाली, सगळ्यांना. कुणी तोंड पाडून बसलं की दुसरा म्हणायचा, 'गाडवा, ती वाडव!' आणि बराक हसायची.

"म्या दोन येळा उत्तर धाडलं की. न्हाई आलं?"

"नाही आलं. तिकडं हंबीररावांनी जेवण टाकलंय."

"तुमचं त्ये पयलं पत्र," नाथाजी म्हणाला. "हिंदीत दादा म्हंजे आजा, मला ठावं हाय पीरभाई. इतकी वर्सं पलटनीत काढली. पर तसली बातमी कानाला मराठीतच ऐकू येती." मग त्यानं खिडकीबाहेर बघितलं. गाडी वेग कमी करत होती. "नंतर हवालदार मला म्हनला, भाई जित्ता हाय तर मग आजा गेला आसंल. मी त्याला म्हनलं, छ्या. दादांनी सोता लिवलंय, घरी समदी खुशाल हाईत. दादा खोटं लिवायचं न्हाईत." तो माझ्याकडं वळला. "आबा बरं हाईत न्हवं?"

ती ओळ दादांची नव्हती, माझी होती. एका माणसाला मी जिवंतपणी मारलं होतं आणि दुसऱ्याला मेल्यावर जिवंत ठेवलं होतं. रहिमतपूर आलं म्हणून मी वाचलो. मी त्याची वळकटी उचलली आणि दाराकडं निघालो.

प्लॅटफॉर्मवर निम्मं गाव होतं. अंबूबाईंनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि लेकाच्या गळ्यात पडल्या. राहीबाई पदर सावरत मागं उभी होती, तिच्याकडं बघून नाथाजी लाजला. हंबीरराव सगळ्यांच्या पाठीमागं होते. त्यांनी दुरूनच माझ्याकडं बघितलं, सांगितलं का? मी 'हो' म्हणून मान हलवली. ते पुढं यायला लागले तसा मीच आडवा गेलो आणि त्यांच्या कानात म्हटलं, "आबांचं त्याला ठाऊक नाही. माझ्या ओळीमुळं. मला माफ करा."

हंबीरराव जागच्या जागी उभे राहिले. तीन वर्षांत भावाशी एक शब्द बोलला नव्हता हा माणूस, आणि आता पहिला शब्द हा असणार होता. मी म्हटलं, मी सांगू का? त्यांनी मानेनं नको म्हटलं.

नाथाजी आला आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवून राहिला. हंबीररावांनी त्याला दंडाला धरून उठवलं, लोकांतून बाजूला, पाण्याच्या नळापाशी नेलं. मी वळकटी घेऊन मागंच होतो.

"नाथा, आबा गेलं. वैशाखात. पीरभाईनं कळवलं हुतं ते त्यांचंच."

नाथाजी म्हणाला, "तुमी लिवलं हुतं, समदी खुशाल हाईत म्हनून."

"ती ओळ माझी..." मी बोलायला गेलो.

"गप ऱ्हावा पीरभाई," हंबीरराव म्हणाले. "माझ्या नावानं गेली, म्हंजे माझी." मग ते भावाला म्हणाले, "ऐक. शेवटच्या दिशी आबांस्नी दिसत न्हवतं. माझा हात चाचपून म्हनालं, नाथा, आलास व्हय रं? मी व्हय म्हनालो. जेवलास का म्हनालं. जेवलो म्हनालो. मग हात धरून पडून ऱ्हायलं, पहाटेपतूर. म्या घरात कुनाला सांगितलं न्हाई. आयेला बी न्हाई. पर आबांच्या लेखी तू आला हुतास."

नाथाजीनं दादांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि आबांसाठी जे रडायचं राहिलं होतं ते तिथं नळापाशी उभं राहून रडला. हंबीरराव त्याच्या बारीक कापलेल्या केसांवरनं हात फिरवत होते. गाडी निघून गेली तरी लोक लांबच थांबले होते. मी वळकटी खाली ठेवली आणि डोळे पुसले.